वावटळीत शिरणाऱ्या कानडे बाई

कानडे बाईंसमोर 'प्रचंड' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. "काल प्रचंड वारा सुटला होता," असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं की त्या चहाचा कप खाली ठेवत, पदरानं चष्मा पुसत आणि विचारत, "प्रचंड म्हणजे किती? दोरीवरची साडी उडाली, दोरीसकट उडाली, की दोरी ज्याला बांधली होती तो खांबच गेला?" बोलणारा बापडा विषय बदलायचा. मी मराठीचा प्राध्यापक. प्रचंड, अफाट, विराट, भीषण या मंडळींवर माझा संसार चालत होता. त्यामुळं पहिलं वर्षभर मी बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं टाळलं.

हे नव्वदच्या दशकातलं. तासगावच्या पूर्वेला, जिथं पाऊस दारापर्यंत येऊन आठवण झाल्यासारखा परत फिरतो, अशा माळावर आमचं कॉलेज होतं. भोवती नव्यानं उभ्या राहिलेल्या द्राक्षबागा आणि बागांच्या मधे बेदाणा वाळवायच्या शेड. बाई भूगोल शिकवायच्या. मूळच्या वाईच्या, राहायला सांगलीत. रोज एसटीनं तासगावला उतरायच्या आणि तिथं ओळखीच्यांकडं ठेवलेली लूना काढून पुढं यायच्या. उंची बेताची, अंगात सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट घालणारी बाई तेव्हा तालुक्यात एकच असावी. पोरं मागून हसायची, पण बाईंचं लक्ष कायम वर.

वर म्हणजे आभाळाकडं. तुमच्याशी बोलताना त्या तुमच्या खांद्यावरून पलीकडं बघायच्या. प्राचार्यांना सुरुवातीला हा स्वतःचा अपमान वाटला. त्यांनी एकदा चांगलं खडसावलंही. मग कुणीतरी त्यांच्या लक्षात आणून दिलं की साहेबांच्या खुर्चीमागं पश्चिमेची खिडकी आहे आणि आपल्याकडं वळीव बहुतेक तिकडूनच चढतो. पुढं बाई केबिनमध्ये आल्या की प्राचार्य आपणहून खुर्ची जरा सरकवून घ्यायचे.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती एका एप्रिलमध्ये, भर दुपारी. कॉलेजच्या मैदानात वावटळ उठली. कागद, काड्या, धूळ गरगर वर चढायला लागली आणि बघता बघता तिचा खांब झाला. आमचा शिपाई गणपा व्हरांड्यात होता. त्यानं लगेच पायातली वहाण काढून उलटी ठेवली. "तोंड फिरवा सर, त्यात भूत असतंया." आमच्याकडं वावटळ दिसली की हे करतात. मी नावामागं डॉक्टर लावणारा माणूस, पण माझाही हात चपलेकडं गेलाच. तेवढ्यात कानडे बाई वर्गातून बाहेर आल्या, पदर खोचला, तोंडावर रुमाल धरला आणि सरळ चालत जाऊन त्या धुळीच्या खांबात शिरल्या.

"आवं बाई! आवं मेल्या की!" गणपा ओरडला. साडीचा रंगसुद्धा दिसेनासा झाला. मग वावटळ पुढं सरकून कुंपणापाशी विरून गेली आणि मैदानाच्या मधोमध बाई उभ्या होत्या. केस सुटलेले, पापण्यांवर माती, कानात गवताच्या काड्या. तोंडावर मात्र असा आनंद, की देवळातून बाहेर येणाऱ्या माणसाच्या तोंडावरही तो मला क्वचित दिसलाय.

"मधे शांत असतं हो," त्या मला म्हणाल्या. "शांत आणि गरम. कानांना दडे बसतात." मग गणपाकडं वळून म्हणाल्या, "भूत नव्हतं रे. मी हाक मारून बघितली."

"तुमास्नी बघून पळालं आसंल," गणपा म्हणाला.

त्या दिवसापासून मी बाईंच्या शेजारी बसायला लागलो. बसलो म्हणून थोडं शिकलो. वावटळ तापलेल्या जमिनीतून वर जाते, आणि बहुधा आभाळ मोकळं असताना. टोर्नेडोचं उलट, तो ढगाच्या पोटातून खाली उतरतो. आपल्याकडं क्वचित होतं तसं, पण वळवाचा एखादा ढग फिरायला लागतो आणि मग काही सांगता येत नाही. म्हणून वळीव पडून गेला की बाई लूना काढायच्या आणि होकायंत्र घेऊन पडलेली झाडं बघत हिंडायच्या. सगळी झाडं एका अंगाला पडली असतील तर वारा सरळ आला. आडवीतिडवी, एकमेकांकडं तोंड करून पडली असतील तर तो फिरत आला. एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी मांडव उडाला. वऱ्हाडी सैरावैरा पळत होते, आणि आमच्या बाई नवरदेवाच्या चुलत्याला गाठून विचारत होत्या, "आधी कुठला खांब उचलला, पूर्वेचा की दक्षिणेचा?" चुलता त्यांच्या अंगावर धावून आला. मी मधे पडलो. जेवण न करता परत येताना त्या एवढंच म्हणाल्या, "दक्षिणेचा असणार. पण त्यांनी सांगायला हवं होतं."

दुसरी त्यांची खासियत म्हणजे 'माहीत नाही' म्हणायची पद्धत. आपण हे शब्द ओशाळून म्हणतो, त्या ठणकावून म्हणायच्या. त्याचं मूळ कोयनानगरात होतं. वडील धरणावर इंजिनियर. भूकंप झाला तेव्हा बाई शाळकरी होत्या आणि कॉलनीतल्या कोसळलेल्या क्वार्टरमधून त्यांना शेजाऱ्यांनी बाहेर काढलं होतं. "दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना माहीत होतं की धरणाच्या पाण्यामुळं झालं," त्या एकदा सांगत होत्या. "माझे वडील म्हणायचे, असेल, पण अजून आपल्याला माहीत नाही. लोक त्यांना चोर म्हणायचे, धरणाची बाजू घेतो म्हणायचे. पुढं शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं घालवली आणि लोक म्हणत होते त्याच बाजूला आले. पण सर, बरोबर असणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं." वडिलांबद्दल बोलताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

आता इथली एक रीत सांगायला हवी. बेदाण्याची शेड म्हणजे लोखंडी अँगलवर एकावर एक ताणलेल्या जाळ्या, वर पत्रा आणि बाजूंना ताडपत्र्या. जाळ्यांवर द्राक्षं सुकत असतात. त्यांना पाऊस लागला की माल काळा पडतो आणि वर्षाची मेहनत मातीमोल होते. म्हणून आभाळ भरलं की घरातलं लहानथोर शेडकडं पळत सुटतं. ताडपत्र्या खाली सोडतात, बांधतात, आणि वाऱ्यानं जोर धरला की सगळे आत शिरून त्या ताडपत्रीला लोंबकळतात. बायका खालच्या काठावर पाय रोवून उभ्या राहतात. आपल्या अंगाच्या वजनानं वादळ थोपवायचं. कुणी कुणाला हे शिकवत नाही आणि कुणी चुकतही नाही.

पलीकडच्या गावात एका वळवानं अशी शेड उचलली. हौसा नावाची तरणी सून ताडपत्रीला धरून वर गेली आणि अँगलवर आपटली. तिला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. बाई मला घेऊन भेटायला गेल्या. मला धाकधूक, की आता ह्या खाटेपाशी होकायंत्र काढतात की काय. त्यांनी काहीच काढलं नाही. स्टूल खाटेजवळ ओढून बसल्या. हौसाच आपणहून बोलायला लागली. "कापड वर ग्येलं तवा मी बी वर ग्येले. हात सोडला आसता तर खालीच ऱ्हायले आसते."

"मग सोडला का नाहीस गं?"

"समदी धरून हुती की बाई. सोडा म्हनून कुनी म्हनलंच न्हाई."

तिच्या पायांतली शक्ती परत आली नाही. येताना एसटीत बाईंना खिडकीची जागा मिळाली होती आणि त्या बाहेर बघत नव्हत्या. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यानंतर त्याच गावच्या चावडीत बागायतदारांची सभा झाली. एक वार्ताहर होते, एक पुढारी होते. पृथ्वी तापायला लागली आहे, असं तेव्हा वर्तमानपत्रांतून नुकतंच वाचायला मिळत होतं. वार्ताहर म्हणाले, "बाई, जग तापतंय म्हणून हे टोर्नेडो वाढलेत, एवढं एक वाक्य बोला. उद्या पहिल्या पानावर घेतो."

"बोलता येणार नाही. माहीत नाही," बाई म्हणाल्या.

कुजबुज झाली. मग त्यांनी मागं बसलेल्या बायकांकडं बघून विचारलं, "दूध उतू जायला काय लागतं?"

"जाळ," कुणीतरी म्हणालं.

"आणि भांड्यातलं दूध गरगर फिरायला?"

"पळी लागंल की."

"बस्स. जग तापतंय म्हणजे जाळ वाढतोय, हे नक्की. गरम, दमट हवा वाढली की मोठ्या ढगांना जोर चढतो. पण ढग फिरायला खालचा वारा एका दिशेचा आणि वरचा दुसऱ्या दिशेचा, वेगळ्या जोराचा लागतो. ती पळी. जग तापल्यावर पळी हलवणारा हात जोरात चालणार की ढिला पडणार, हे आज जगात कुणालाच माहीत नाही. आणि दुसरं. पूर्वी ह्या माळावरनं वादळ गेलं असतं तर कुसळं हलली असती. आता तिथं शेड आहे, शेडमध्ये हौसा आहे. वादळं वाढली की शेड वाढल्या, आधी हे सांगा."

"मग तुमचा भूगोल काय चुलीत घालायचा?" पुढारी म्हणाले. सभा खदखदून हसली. बाई हसणं संपेपर्यंत थांबल्या. "एक गोष्ट मला नक्की माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वारा सुटला की शेडमधून बाहेर पडायचं. ताडपत्री सोडायची आणि ओढ्यात, सखल जागी जाऊन आडवं व्हायचं."

आता मात्र कुणी हसलं नाही, कारण हे हसण्यासारखंही वाटलं नाही. पुढच्या रांगेतले बिरू आबा उठले. जन्म मेंढरांमागं गेलेला, म्हातारपणी बाग लावलेला माणूस. "बाई, माल सोडून मानूस पळंल व्हय? आन वादळ कवा येनार त्ये तर तुमास्नी म्हाईत न्हाई म्हनता."

"नाहीच माहीत, आबा. म्हणून तर दर वेळी बाहेर व्हा म्हणते."

सभा मोडली. पण आबांना बाई आवडल्या असाव्यात, कारण त्यांनी चहाला घरी नेलं. त्यांच्या बायकोला सगळं गाव आक्का म्हणायचं. आक्कानं बाईंचे बूट हातात घेऊन उलटसुलट करून बघितले आणि "काट्याकुट्यात बरं हाय ह्ये," असा निकाल दिला. पुढं रविवारी बाई तिकडं जायला लागल्या.

पुढच्या हंगामात अशाच एका रविवारी मी त्यांच्याबरोबर होतो. दुपार कलली आणि पश्चिमेकडून ढग चढला. वारा एकदम पडला. आबांच्या घरात धावपळ सुरू झाली. आबा, आक्का, मुलगा तानाजी, तान्ह्या पोराला झोळीत घेतलेली सून, कामाला आलेल्या बायका, सगळे शेडकडं धावले. बाईंनी माझा दंड धरला.

"सर, ढगाचा तळ बघा. फिरतोय."

मी बघितलं. खरंच फिरत होता. जात्यासारखा, सावकाश. अर्ध्या आभाळाएवढं काहीतरी माझ्या डोक्यावर फिरत होतं आणि त्याचा आवाज येत नव्हता. मी मराठीचा प्राध्यापक, पण मला एकही विशेषण सुचेना. नजर मात्र काढवत नव्हती.

बाई शेडकडं पळाल्या. "बाहेर या! सोडा ते, ओढ्यात चला!"

आत सगळे ताडपत्रीला लोंबकळले होते. वारा आता उलट्या बाजूनं यायला लागला होता. "बाई, येनार हाय का त्ये हितं?" आबा ओरडले. "खरं काय त्ये सांगा!"

त्या वेळी बाईंनी नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर सगळी माणसं धावत बाहेर आली असती. मी मागं उभा होतो, माझ्या जिभेवर तो 'हो' आला होता. बाईंच्या ओठांवरही तो येऊन गेला असणार. मी त्यांचा चेहरा बघत होतो.

"माहीत नाही!" त्या ओरडल्या. "तरी बाहेर या!"

"मग आमी हलत न्हाई!"

शेडच्या खांबाला विळा खोचलेला होता. बाईंनी तो उपसला आणि ताडपत्रीच्या दोऱ्या कापायला सुरुवात केली. एक अंग सुटलं, कापड फाडकन उडून पत्र्यावर आपटलं. तानाजी त्यांच्या अंगावर धावला, "बाई, येडं लागलं का काय!" त्या दुसऱ्या बाजूला गेल्या. दोरी तळहातातून सरकून कातडं सोलवटलं, तरी हात चालूच. धरायला कापडच उरलं नाही, तेव्हा माणसं रिकाम्या हातांनी उभी राहिली. पावसाचे मोठे थेंब तिरके येऊन बेदाण्यावर पडायला लागले. आबांनी जाळ्यांकडं बघितलं, मग सुनेच्या झोळीकडं बघितलं आणि म्हणाले, "चला वड्यात."

आम्ही कोरड्या पात्रात पालथे पडलो. मी मान उचलली तेव्हा पलीकडच्या उघड्या माळावर ढगाच्या पोटातून काहीतरी लोंबत होतं. आधी गाईच्या सडाएवढं. मग ते लांबत लांबत खाली आलं आणि खालची तांबडी माती त्याला भेटायला वर चढली. मळणीची सगळी यंत्रं एकदम सुरू व्हावीत तसा आवाज माळभर भरला. दगड वर जाताना दिसत होते. आबांचं अख्खं घर त्या ओढ्यात छाती मातीला लावून पडलेलं आणि काठावर एकटी कानडे बाई उभी, साडीचा पदर आडवा उडतोय, हातात विळा तसाच. मला देव-दैत्य कुणी आठवलं नाही. एवढंच वाटलं, की हे बघायला आपल्याला डोळे मिळाले. आणि त्या बाईला बघायलाही.

मग आक्का वर चढली आणि तिनं बाईंना निऱ्यांना धरून खाली ओढलं. "आमास्नी झोपवून सोता हुबी ऱ्हातीस व्हय गं? बस खाली!"

ते ओढा ओलांडून आलं नाही. माळावरच थोडं पुढं गेलं, बारीक झालं, वर ओढलं गेलं आणि नाहीसं झालं. मग गारा आल्या.

आम्ही परत गेलो तेव्हा शेड जागच्या जागी उभी होती. एक पत्रासुद्धा हलला नव्हता. जाळ्यांवरचा सगळा बेदाणा भिजून चिकट झाला होता. तानाजी त्यात हात घालून उभा राहिला. "शेड तर हुबं हाय," तो म्हणाला. "कापड ऱ्हायलं आसतं तर माल वाचला आसता. व्हय का न्हाई बाई?"

"हो, वाचला असता."

"आमी आत आसतो तर मेलो आसतो का?"

"नाही. आज नाही."

मला त्यांचा राग आला. अहो, वादळ इकडं वळलं असतं, असं म्हणायला काय जात होतं? सगळे आबांकडं बघत होते. आबांनी एकेकाचं नाव घेऊन माणसं मोजली. सून, पोरगं, कामाच्या बायका, शेवटी मी. मग बाईंना विचारलं, "पुन्यांदा आसं दिसलं तर पुन्यांदा कापचील?"

"कापीन, आबा."

आबांनी जाळीवरचे भिजलेले मणी बोटांनी चाचपले. "तान्या," ते म्हणाले, "फुडल्या येळंला गाठ मारायची न्हाई. वडली की सुटंल आसं बांधायचं." आणि ते खाली बसून गारा वेचून फेकायला लागले. बाईही बसल्या. आक्कानं त्यांच्या सोललेल्या हाताला चिंधी बांधली आणि त्याच हातानं त्या अंधार पडेपर्यंत बेदाणे सुटे करत राहिल्या.

आजूबाजूच्या गावांनी त्यांना 'कापड कापणारी बाई' असं नाव ठेवलं. कुणी शेडच्या जवळ उभं करेना. कॉलेजकडं तक्रार गेली. प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा मी बरोबर गेलो, वकिली करायला. बाईंनी मला बोलू दिलं नाही. "वादळ कुठं जाईल ते माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "माणसं कुठं नकोत, ते माहीत होतं." प्राचार्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला, खिडकीसमोरची खुर्ची जरा सरकवून घेतली आणि तक्रार तिथंच थांबली.

वर्षभरानं वाईला आईची तब्येत बिघडली म्हणून बाईंनी नोकरी सोडायचं ठरवलं. जाण्याआधी त्या आबांकडं निरोप घ्यायला गेल्या, मीही गेलो. योगायोग असा की त्या दुपारीही आभाळ भरून आलं. बाई काही बोलल्या नाहीत. कुणी त्यांच्या तोंडाकडं बघितलंही नाही. तानाजीनं दोऱ्या ओढल्या, कापडं सुटी झाली आणि आबांचं घर ओढ्याकडं निघालं. आबांचं बघून आता शेजारच्या वस्तीवरचे लोकही येताना दिसले. त्यांच्या पलीकडच्या शेडमधूनही माणसं उतरत होती. पावसासाठी डोक्यावर रिकामी पोती घेतलेल्या बायका, कडेवर पोरं, कुणाची तरी म्हातारी पाठुंगळी. मी बाईंकडं बघितलं. आभाळ भरलेलं असूनही त्या पहिल्यांदाच वर न बघता माणसांकडं बघत होत्या, आणि त्यांचे डोळे भरले होते.

वारा आला, थोडा पाऊस शिंतडला आणि ढग सांगलीच्या अंगाला निघून गेला. ऊन पडलं. ओढ्यातली माणसं गुडघे झाडत उठली. कडेच्या जाळ्यांवरचा थोडा माल भिजला होता, तो इथूनही दिसत होता.

आक्कानं डोक्यावरचं पोतं झटकलं. "बाई, आज कायच आलं न्हाई."

"नाही आलं, आक्का."

"म्हंजी उगंच पळालो?"

"हो," बाई म्हणाल्या, "आज उगीच."

"बरं झालं," असं म्हणून आक्कानं नातवाला काखेत मारलं आणि ती ओल्या मातीतनं शेडकडं चालायला लागली.